मध्ये काच घातली आणि हवेनं हात टेकले

इंजिनिअरिंगला असताना हाय व्होल्टेज लॅबमध्ये एक प्रयोग बघितला होता, त्याला बरीच वर्षं झाली पण तो काही डोक्यातून जात नाही. दोन गोल पितळी प्लेटा एकीवर एक आडव्या बसवलेल्या, मध्ये मोजून १० मिलिमीटरची फट, फटीत नुसती हवा. सरांनी एसी व्होल्टेज हळूहळू चढवत पीक (म्हणजे लाटेचं टोक) २० हजार व्होल्टपर्यंत नेलं आणि काहीही झालं नाही, ट्रान्सफॉर्मरची नेहमीची गुणगुण सोडली तर सगळं शांत. मग त्यांनी सप्लाय बंद केला, अर्थिंगची काठी लावून प्लेटा डिस्चार्ज केल्या आणि खालच्या प्लेटवर ८ मिलिमीटर जाडीची काच ठेवली, प्लेटच्या कडेपासून सगळ्या बाजूंनी चांगली बाहेर येणारी. वर २ मिलिमीटर हवा उरली. आणि विचारलं, आता काय होईल सांगा.

आम्ही सगळे एका सुरात, आता तर काहीच होणार नाही सर, नुसती हवा होती तेव्हा टिकली, आता तर मध्ये काच आहे, काच हवेपेक्षा कितीतरी भक्कम इन्सुलेटर. सरांनी लाइट घालवले आणि नॉब फिरवायला सुरुवात केली. १३-१४ हजारांच्या आसपास चर्रर्र आवाज यायला लागला, त्या २ मिलिमीटरच्या फटीत जांभळे बारीक धागे नाचायला लागले आणि थोड्या वेळात ओझोनचा तो तिखट वास नाकात गेला. काच जिथल्या तिथे, तिला काही झालेलं नाही. हात टेकले ते हवेनं, जी दहा मिनिटांपूर्वी एकटी असताना २० हजार आरामात झेलत होती.

याचं गणित छोटंसं आहे आणि स्वतः केल्याशिवाय पटत नाही म्हणून इथेच करते. हवा साधारण मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट एवढं फील्ड सहन करते, फट लहान असेल तर थोडं जास्त. १० मिलिमीटरवर २० किलोव्होल्ट म्हणजे मिलिमीटरला २, काही प्रश्न नाही. आता काच आली. तिचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ६ धरू (याला पुढे मी नुसतं के म्हणेन), म्हणजे काचेतलं फील्ड लगतच्या हवेतल्या फील्डच्या एक षष्ठांश. म्हणजे व्होल्टेजच्या वाटणीत ८ मिलिमीटरची काच ही जेमतेम १.३३ मिलिमीटर हवेइतकीच मोजायची. वरची २ मिलिमीटर धरून झाली ३.३३. त्यावर २० किलोव्होल्ट टाकले तर हवेत मिलिमीटरला ६ आणि काचेत मिलिमीटरला १. पडताळून बघा, हवेत २ गुणिले ६ बारा, काचेत ८ गुणिले १ आठ, बेरीज वीस. हवेला ३-४ झेपतात, तिच्या वाट्याला आले ६. म्हणून तर पूर्ण २० पर्यंत पोचायच्या आधीच ती फुटली.

इन्सुलेटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंत येते, वीज अडवणारी. करंटपुरतं ते बरोबर आहे. पण विद्युतक्षेत्राला, म्हणजे फील्डला, काच अडवत नाही, ते काचेतून आरपार जातं, फक्त आत असताना कमी होतं, आणि जे व्होल्टेज काचेनं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही ते शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, डायइलेक्ट्रिक, म्हणजे काचेसारखा इन्सुलेटर, फील्डची वाटणी बदलतं, अडवाअडवी करत नाही. आणि गंमत म्हणजे शब्दातच ते आहे. १८३० च्या दशकात मायकेल फॅरेडेला अशा पदार्थांसाठी नाव हवं होतं, विल्यम ह्यूएल या विद्वानानं त्याला डायइलेक्ट्रिक हा शब्द दिला, त्यातला सुरुवातीचा भाग ग्रीक 'डिआ'वरून आलाय, अर्थ आरपार. आपण मात्र तो 'वीज न जाऊ देणारा' असा पाठ करतो.

मग आत नक्की होतं काय? धातूत इलेक्ट्रॉन मोकाट फिरतात, काचेत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला बांधलेला. फील्ड लावलं की इलेक्ट्रॉनचा ढग धन प्लेटकडे किंचित ओढला जातो आणि केंद्रक ऋण प्लेटकडे, तुटत काही नाही, नुसतं ताणलं जातं. काचेच्या पोटात याचा पत्ताही लागत नाही कारण एका अणूचं ऋण टोक शेजारच्या अणूच्या धन टोकाला लागून असतं, बेरीज शून्य. उघडी पडते ती फक्त दोन्हीकडची कातडी. दोन पारदर्शक कागद घ्या, एकावर लाल ठिपके, एकावर निळे, दोन्ही बरोबर एकावर एक ठेवा आणि वरचा कागद केसभर सरकवा. मधे सगळीकडे लालच्या शेजारी निळा आहेच, पण एका कडेला नुसत्या लाल ठिपक्यांची बारीक पट्टी आणि समोरच्या कडेला नुसत्या निळ्यांची. काचेच्या दोन पृष्ठभागांवर असंच होतं, धन प्लेटच्या समोर ऋण पट्टी येते, ऋण प्लेटच्या समोर धन पट्टी.

आता के ६ आहे म्हणजे काय, तर प्लेटवर सहा चार्ज असतील तर काचेच्या कातडीवर विरुद्ध जातीचे पाच येतात, आणि काचेच्या आत असलेल्याला फक्त उरलेला एक जाणवतो. पण बाहेर हवेत असलेल्याला? काचेच्या एका तोंडावर पाच ऋण, दुसऱ्या तोंडावर पाच धन, बाहेरून बघितलं तर ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हवेला प्लेटवरचे सहाच्या सहा जाणवतात. ती लॅबमधली एक षष्ठांशची वाटणी इथून आली. मला वाटतं हे चित्र एकदा मनात बसलं की सूत्रं पाठ करायची गरजच फारशी उरत नाही.

हे ताणणं केवढं असतं याचा हिशोब मी एकदा बसून केला आणि उत्तर बघून थक्क झाले. सोपा म्हणून हायड्रोजनचा एक अणू घ्या आणि त्याला मिलिमीटरला १ किलोव्होल्ट, म्हणजे मीटरला १० लाख व्होल्ट एवढ्या फील्डमध्ये ठेवा. इलेक्ट्रॉनच्या ढगाचं केंद्र साधारण ०.०००००००००००००००४६ मीटर सरकतं, पण शून्यं मोजत बसण्यापेक्षा असं सांगते, ते सरकणं प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कमी असतं, आणि अणूच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे दोन लाखावा हिस्सा. एवढ्याशा हालचालीनं प्लेटवरचा चार्ज झाकला जातो हे खरं वाटत नाही ना? पण प्लेटवर तरी चार्ज असतो किती! तेवढंच फील्ड तयार करायला एका चौरस मीटरवर जादा इलेक्ट्रॉन लागतात सुमारे ५५ लाख कोटी. मोठा आकडा वाटतो, पण त्याच चौरस मीटरच्या पृष्ठभागावर अणू असतात त्याच्या जवळजवळ दोन लाख पट. म्हणजे प्लेटवरसुद्धा दर दोन लाख अणूंमागे एकच जादा इलेक्ट्रॉन. इकडेही दोन लाख, तिकडेही दोन लाख. दोन्ही बाजू तितक्याच नाजूक आहेत म्हणून बरोबरी होते. ज्याला आपण दणदणीत हाय व्होल्टेज म्हणतो ते अणूच्या पातळीवर एवढं सूक्ष्म असतं हे मला खरंच फार सुंदर वाटतं.

कुणाचा के किती ते भराभर सांगून टाकते. निर्वाताचा १, हवेचा १.०००६ म्हणजे जवळपास निर्वातच, टेफ्लॉन २.१, पॉलिथिलीन २.२५, कागद ३ च्या आसपास, अभ्रक ६ च्या आसपास, काच प्रकाराप्रमाणे ५ ते १०, पाणी ८०, आणि बेरियम टायटनेटसारखे पदार्थ थेट हजारात. पॉलिथिलीनचा तो २.२५ लक्षात ठेवण्यासारखा आहे कारण त्याचं वर्गमूळ बरोबर १.५, पदार्थातला वेग म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले हे वर्गमूळ, आणि म्हणून पॉलिथिलीन भरलेल्या कोॲक्सियल केबलमधून सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या दोन तृतीयांश वेगानं धावतो. केबलच्या आतल्या तांब्याचा या वेगाशी तसा संबंध नाही, वेग ठरवतं ते मधलं प्लास्टिक. तारेतून वीज वाहते एवढंच डोक्यात असेल तर हे पचायला वेळ लागतो.

फॅरेडेकडे परत येते कारण त्याचा १८३७ चा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की दोन चार्ज एकमेकांना लांबून ओढतात, मध्ये काय आहे याचा प्रश्नच नाही, अंतर तेवढं बघायचं. फॅरेडेनं अगदी एकसारखी दोन उपकरणं बनवून घेतली, प्रत्येकात पितळी गोळ्याच्या आत पितळी गोळा, दोघांमध्ये पोकळी. एकाच्या पोकळीत हवा ठेवली, दुसऱ्याच्या पोकळीचा अर्धा भाग लाखेच्या अर्धगोल वाटीनं भरला. मग एकाला चार्ज द्यायचा, त्याला दुसरं जोडायचं आणि चार्ज कसा वाटला जातो ते मोजायचं. मधल्या पदार्थाला काही किंमत नसती तर दोघांना निम्मा निम्मा मिळायला हवा होता. तसं झालं नाही, लाखवाल्यानं जास्त घेतला. काच आणि गंधक वापरूनही तेच. म्हणजे मधली जागा नुसती जागा नाही, तिथे काहीतरी घडतंय. हेन्री कॅव्हेंडिशनं १७७० च्या दशकातच असे फरक मोजून ठेवले होते, पण छापलेच नाहीत, ते कागद मॅक्सवेलनं संपादित करून १८७९ मध्ये बाहेर आणले. तोपर्यंत फॅरेडेचं काम होऊन चाळीस वर्षं उलटली होती.

आता एक गोष्ट जी मी कितीतरी लोकांना चुकीची सांगताना ऐकलीय, 'डायइलेक्ट्रिक घातलं की फील्ड कमी होतं'. नेहमी नाही हो! कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी अशी दोन प्लेटांची जोडी, बॅटरीला जोडलेला आहे की सोडवलेला यावर सगळं अवलंबून आहे. समजा हवेचा कपॅसिटर १०० व्होल्टला चार्ज केला, बॅटरी काढली आणि मग के ५ असलेली पट्टी पूर्ण फट भरेल अशी आत सरकवली. प्लेटवरचा चार्ज आता कुठे जाऊ शकत नाही, त्यातला चार पंचमांश झाकला गेला, फील्ड पाचवा हिस्सा, व्होल्टेज २०. साठवलेली ऊर्जाही पाचवा हिस्सा. इथपर्यंत ते वाक्य खरं.

पण बॅटरी जोडलेलीच ठेवून पट्टी सरकवा. व्होल्टेज १०० च राहणार कारण बॅटरी ते धरून ठेवते, फटीची जाडी तीच, म्हणजे फील्डही तेच, तिळमात्र कमी नाही! पट्टी चार्ज झाकायला बघते, बॅटरी लगेच आणखी चार्ज आणून ओतते, शेवटी प्लेटवर पाचपट चार्ज जमा होतो. मूळची ऊर्जा १ भाग धरली तर बॅटरी आणखी ८ भाग देते, त्यातले ४ कपॅसिटरमध्ये जाऊन तिथे एकूण ५ होतात आणि उरलेले ४ पट्टीला आत ओढण्यात आणि तारा गरम होण्यात जातात. दोन्ही वेळा पट्टी आतच ओढली जाते हे मात्र सारखं. पहिल्या वेळी ऊर्जा कमी होते, दुसऱ्या वेळी वाढते, तरी ओढ आतच, यावर मी पूर्वी फार गोंधळायचे. बॅटरीनं दिलेले ८ भाग हिशोबात धरले की गाठ सुटते.

ही ओढ येते कुठून? प्लेटांच्या मधोमध फील्ड सरळ उभं असतं, पट्टीला आडवं ओढायचं त्याला कारणच नाही. ओढणारं फील्ड आहे कडेला, जिथे रेषा बाहेर फुगलेल्या असतात आणि जागोजाग कमी जास्त होतात. ताणलेल्या अणूच्या एका टोकाला जास्त फील्ड लागलं आणि दुसऱ्याला कमी तरच एकूण ओढ उरते, सगळीकडे सारखंच फील्ड असेल तर दोन्ही टोकांची ओढाताण बरोबर कटते आणि अणू जागेवर. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ते याच्यामुळेच, कपट्यावर स्वतःचा चार्ज नसतो, पण कंगव्याजवळ फील्ड झपाट्यानं वाढत जातं म्हणून जवळच्या टोकाची ओढ लांबच्या टोकाच्या ढकलण्यावर मात करते. पाठ्यपुस्तकात कडेचं फील्ड 'दुर्लक्षित करू' म्हणून एका ओळीत सोडून देतात, आणि ओढ तर नेमकी तिथेच असते.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पाणी या सगळ्यात वेगळंच प्रकरण आहे. पाण्याचा रेणू मुळातच वाकडा, ऑक्सिजनकडे ऋण, हायड्रोजनकडे धन, त्यामुळे त्याला ताणायची वाट बघावी लागत नाही, नुसता वळवला की झालं. चित्रात नेहमी दाखवतात की फील्ड लावलं की सगळे रेणू शाळेतल्या प्रार्थनेसारखे रांगेत एका दिशेला तोंड करून उभे. असं काही होत नाही. मीटरला १० लाख व्होल्टच्या फील्डमध्ये एका रेणूला वळवणारी ऊर्जा ही नेहमीच्या तापमानाच्या उष्णतेच्या ऊर्जेच्या हजारात दीड भाग एवढीच असते. रेणू वेड्यासारखे गिरक्या घेतच राहतात, फक्त सरासरीत किंचित, अगदी किंचित, एका बाजूचा कल येतो. आणि तेवढ्या कलानं के ८० होतो! पाणी तापवलं की उष्णता हा कल मोडायला बघते म्हणून के उतरतो, शून्य अंशाला ८८ आणि शंभर अंशाला ५५ च्या आसपास.

या ८० चा परिणाम किती लांबवर जातो बघा. निर्वातात एक धन आणि एक ऋण आयन सुमारे ५६ नॅनोमीटर अंतरावर असले तरी त्यांची एकमेकांची ओढ खोलीच्या तापमानाच्या उष्णतेच्या धडपडीला पुरून उरते. पाण्यात हेच अंतर उरतं ०.७ नॅनोमीटर. त्याच्या पलीकडे गेले की उष्णता त्यांना सुटं ठेवू शकते. मीठ पाण्यात विरघळतं आणि केरोसीनमध्ये तसंच तळाशी बसून राहतं त्यामागे हे मोठं कारण आहे. (अगदी चिकटून असलेल्या आयनांमध्ये पाण्याचे दोन-चारच रेणू मावतात, तिथे ८० चा आकडा तसाच्या तसा लावता येत नाही, रेणू आयनाला कसे बिलगतात ते मोजावं लागतं, पण थोडं अंतर पडलं की तो लागू होतो.)

आणि के हा आकडा कायमचा नसतो, फील्ड किती भराभर उलटतंय त्यावर तो बदलतो. पाण्याचा रेणू वळायला काही पिकोसेकंद घेतो, त्याच्या आतच फील्डची दिशा बदलली तर वळणार कधी? २० गिगाहर्ट्झच्या आसपास तो मागे पडायला लागतो, आणि प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीला तर वळणं पूर्ण थांबलेलं असतं, फक्त इलेक्ट्रॉनचे ढग तेवढे साथ देतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा वर्ग १.७७, प्रकाशासाठी पाण्याचा के एवढाच. ८० कुठे आणि १.७७ कुठे, आणि पाणी तेच. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, तिथे रेणू थोडेसेच मागे पडतात आणि या मागे पडण्यातच उष्णता तयार होते. २.४५ ही पाण्याच्या रेणूची कुठली खास 'नैसर्गिक' फ्रिक्वेन्सी आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते चूक आहे. बर्फात रेणू जागेवर जखडलेले, त्यांना एवढ्या वेगानं वळताच येत नाही, या फ्रिक्वेन्सीला बर्फाचा के ३.२ च्या आसपास आणि उष्णता जवळपास शून्य. गोठलेला पदार्थ मायक्रोवेव्हमध्ये एका कोपऱ्यात वितळला की तोच कोपरा रटरटतो आणि बाकीचा दगडासारखा राहतो ते त्यामुळे.

परत हवेच्या फटीकडे येते कारण ज्यांच्या हातात केबल आणि ट्रान्सफॉर्मर असतात त्यांची झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. इपॉक्सी ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला, समजा. इपॉक्सीचा के ४ धरा. बुडबुडा गोल असेल तर त्याच्या आत फील्ड आजूबाजूच्या इपॉक्सीच्या १.३३ पट. पण तोच चपटा, फील्डला आडवा पसरलेल्या चकतीसारखा असेल तर थेट ४ पट! आणि फील्डच्याच दिशेत उभा, सुईसारखा बारीक असेल तर जेवढ्यास तेवढं. म्हणजे बुडबुडा केवढा आहे याच्याइतकंच तो कसा पडलाय हे महत्त्वाचं. आत फील्ड जास्त आणि हवेची सहनशक्ती इपॉक्सीपेक्षा कितीतरी कमी, दोन्हीकडून मार. मग त्या बुडबुड्यात दर सायकलला बारीक बारीक डिस्चार्ज होत राहतात, बाहेरून काही दिसत नाही, आतून इपॉक्सी कुरतडली जाते, झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा वाढत जातात आणि एक दिवस आरपार. ओतकाम व्हॅक्यूममध्ये करतात, ट्रान्सफॉर्मर आधी सुकवून मग व्हॅक्यूमखाली तेल भरतात, ते सगळं या हवेला हाकलण्यासाठी. आणि लॅबमधल्या त्या जांभळ्या धाग्यांचाच मुद्दाम वापरही होतो, वेर्नर फॉन सीमेन्सनं १८५७ मध्ये काचेच्या भिंतींमधल्या फटीत असाच डिस्चार्ज घडवून ओझोन बनवणारं उपकरण केलं होतं.

हवेची फट किती घात करते हे घरबसल्या बघायचं असेल तर हाय व्होल्टेजची काही गरज नाही. मी ॲल्युमिनियम फॉइलचे २० बाय २५ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले, मध्ये प्रिंटरचा साधा कागद, कागद सगळीकडून बाहेर येईल असा, आणि मल्टिमीटर कपॅसिटन्सवर (म्हणजे व्होल्टमागे किती चार्ज साठतो त्यावर) लावून दोन्ही फॉइलना क्लिपा अडकवल्या. कागद ०.१ मिलिमीटर जाड, के ३ धरला तर हिशोबानं (क्षेत्रफळ गुणिले के भागिले जाडी, आणि त्याला एका ठरलेल्या स्थिरांकानं गुणायचं) १३ नॅनोफॅरड यायला हवेत. मीटर दाखवतोय ३ च्या थोडं वर. क्लिपा बदलल्या, फॉइल बदलली, तेच. मग फॉइलवर तळहात पसरून दाबला तर आकडा सरसर वर. हात काढून एक जाडजूड पुस्तक ठेवलं, ५ च्या पुढे, आणखी तीन ठेवली, ७ च्या आसपास येऊन थांबला. फॉइलला ज्या बारीक सुरकुत्या असतात ना, त्यांनी कागदाला सगळीकडे टेकूच दिलं नव्हतं. सरासरी ०.१ मिलिमीटर हवा मध्ये असेल तर कागद वाटणीत मोजला जातो फक्त ०.०३३ मिलिमीटर हवेइतका, एकूण ०.१३३, उत्तर बरोबर ३.३ नॅनोफॅरड. डोळ्यांना न दिसणारी हवा, आणि निम्म्याहून जास्त व्होल्टेज तिच्या अंगावर. चमच्याच्या पाठीनं सुरकुत्या घासून काढल्या तेव्हा कुठे ९ च्या पुढे गेला. हा प्रयोग नक्की करून बघा, कागदाच्या जागी पातळ प्लास्टिकची शीट घालून बघा, कागद थोडा दमट करून बघा (आकडा उड्या मारतो, कारण पाणी आणि त्यातून गळणारा करंट दोन्ही एकदम मध्ये येतात).

सर्किट बनवणाऱ्यांसाठी एक सांगायचंच आहे. सिरॅमिक कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं तो आकडा व्होल्टेज नसतानाचा. बेरियम टायटनेटचा के हजारात जातो कारण त्याच्या स्फटिकात टायटॅनियमचा आयन इकडे तिकडे सरकायला तयार बसलेला असतो, पण डीसी व्होल्टेज लावून ठेवलं की तो एका बाजूला ताणून धरला जातो आणि आणखी सरकायला वाव उरत नाही, के घसरतो. छोट्या आकाराच्या एक्स७आर (बेरियम टायटनेटवाल्या सिरॅमिकची एक जात) कपॅसिटरमध्ये रेटिंगच्या जवळ गेलात तर लिहिलेल्याच्या निम्म्याहूनही कमी उरू शकतो. मी एकदा पॉवर सप्लायचा रिपल (डीसी व्होल्टेजवर उरलेली थरथर) कमी का होत नाही म्हणून दोन संध्याकाळी घालवल्या, सोल्डर परत परत तापवलं, कॉइल बदलली, आणि शेवटी डेटाशीटमधला डीसी बायसचा ग्राफ उघडला तेव्हा कळलं की बोर्डवर कपॅसिटर सगळे जागेवर आहेत पण कपॅसिटन्स नाही. सीओजी जातीच्या सिरॅमिकमध्ये हा त्रास नाही, पण त्यांचा के लहान, म्हणून तेवढ्या आकारात तेवढी व्हॅल्यू मिळत नाही.

शेवटी मला ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते. १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यानं रक्तातल्या लाल पेशींच्या द्रावणाचा कपॅसिटन्स मोजला आणि त्यावरून पेशीच्या पडद्याचा काढला, चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. पडदा तेलकट पदार्थाचा असणार म्हणून के ३ धरला आणि वरच्या फॉइल-कागदाच्याच सूत्रानं जाडी काढली, ३.३ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तेव्हा अस्तित्वातच नव्हता, कुणी तो पडदा बघितलेला नव्हता, आणि एका कपॅसिटन्सच्या आकड्यावरून त्यानं सांगितलं की हा थर जेमतेम एक-दोन रेणूंचा आहे. आज आपण पडदा साधारण ५ नॅनोमीटर धरतो. चेतापेशीत त्याच्या दोन बाजूंमध्ये फरक असतो सुमारे ७० मिलिव्होल्टचा, काहीच वाटत नाही ना, पण ७० मिलिव्होल्टला ५ नॅनोमीटरनं भागून बघा. मिलिमीटरला १४ किलोव्होल्ट येतात. लॅबमधली ती २ मिलिमीटर हवा ६ ला पोचायच्या आधीच फुटली होती.